वचनांची डबी आणि डोंबिवली

आमच्या सासूबाईंकडे एक लाकडी डबी होती, पत्त्यांच्या जोडाएवढी. तिच्यात जाड कागदाच्या चिठ्ठ्या दाटीने उभ्या खोचलेल्या असत आणि प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन छापलेलं असे. नगर जिल्ह्यातलं गाव सोडून ठाण्याला येताना त्यांनी पाटा-वरवंटा मागे ठेवला, पण डबी पिशवीत घातली. सकाळी चहाआधी घरातल्या प्रत्येकाने डोळे मिटून एक चिठ्ठी ओढायची, मोठ्याने वाचायची आणि परत खोचून ठेवायची. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बऱ्याच घरांत ही पद्धत अजून आहे. दिवसभर मनाशी धरायला एक वचन, प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात दशमी द्यावी तसं.

मी लग्न होऊन आले आणि त्या दशमीचं पंचांग केलं.

आज माहेरी जावं का? ओढ चिठ्ठी. लोखंडी कपाट घ्यावं का? ओढ चिठ्ठी. मुलाला गोवरात आंघोळ घालावी का, हेसुद्धा मी त्या डबीला विचारलंय. आणि आलेलं वचन सोयीचं नसलं की, डोळे नीट मिटले नव्हते, असं स्वतःशीच म्हणून दुसरी चिठ्ठी ओढायची. मी फार श्रद्धाळू आहे अशी त्या काळात माझी खात्री होती. डोक्यावर पदर, मुठीत चिठ्ठी आणि चेहऱ्यावर असा भाव, की स्वर्गातून नुकताच कुणी निरोप घेऊन येऊन गेला. त्या बाईचा फोटो माझ्याकडे आहे. बघितला की हसू आवरत नाही.

हे वर्तमानपत्राआडून विचारायचे, "आज देवाने किती वेळा मत बदललं?"

"वचनाची थट्टा करू नये."

"वचनाची कोण करतंय?"

सासूबाई यात पडत नसत. त्यांची तऱ्हा वेगळी होती. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना झाली, आमेन म्हटलं, की आम्ही सगळे उठायचो. त्या बसून राहायच्या. सुपात तांदूळ घ्यायच्या आणि खडे वेचत गप्प बसायच्या. मी नवी होते, तेव्हा एकदा विचारलं, आई, तुम्ही उठत का नाही?

"आपलं सांगून झालं. आता त्याचं ऐकायला नको?"

मीही हौसेने शेजारी बसले. डोळे घट्ट मिटले. घुमणारा, जाड, पुरुषी आवाज येईल अशी वाट बघत राहिले. आला तो फक्त शेजारच्यांच्या कुकरचा. शेवटी मी हळूच विचारलं, "तुम्हाला काही ऐकू आलं का?"

"आलं. तू दूध गॅसवर ठेवून आलीयेस."

धावले तोवर दूध ओट्यावरून खाली सांडत होतं. मी पुसत होते तेव्हा त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला जे ऐकायचंय ते तर तुला रोजच ऐकू येतं गं. ते सोडून दुसरं काही ऐकू आलं, तर मला येऊन सांग." मला वाटलं, दुधावरून टोमणा मारला. पुढची कित्येक वर्षं मला तो टोमणाच वाटत राहिला.

पुढे घर घ्यायची वेळ आली. दोन जागा समोर होत्या. एक डोंबिवलीला आणि एक ठाण्यातच, वर्तकनगरला. ह्यांचा ओढा डोंबिवलीकडे. तिथे ह्यांची धाकटी बहीण राहायची, चर्च पायी जाण्याच्या अंतरावर होतं, ह्यांची गाणारी मित्रमंडळी तिथे होती. माझा ओढा वर्तकनगरकडे, आणि त्याचं कारण हीच धाकटी बहीण. वन्सं माझ्या स्वयंपाकघरात यायच्या, पातेल्यातली आमटी तळहातावर घेऊन चाखायच्या आणि काही न बोलता मिठाची बरणी माझ्याकडे सरकवायच्या. त्यांच्या शेजारी आयुष्य काढायचं या कल्पनेनेच माझी भूक जायची.

ह्यांचा कारखाना कोलशेतला, वर्तकनगरहून जवळ. इतकं सरळ, खरं कारण माझ्या हातात होतं. पण सरळ कारण दिलं की समोरचा वाद घालतो. म्हणून मी डबी काढली. एक-दोन चिठ्ठ्या परत गेल्या आणि मग शांत पाण्याजवळ नेणाऱ्या मेंढपाळाचं वचन आलं. पाणी! ठाण्यात तळी आहेत, डोंबिवलीत कुठे आहेत? मी ह्यांना सांगितलं, "प्रभूने मला सांगितलंय. वर्तकनगर."

आमच्या लोकांत हे वाक्य एकदा कुणी उच्चारलं की पुढे बोलता येत नाही. भाऊ गप्प होतो, नवरा गप्प होतो, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा "बरं, बरं, आपण प्रार्थना करू" म्हणून चहाचा कप उचलतात. देवाने सांगितलेल्यावर उलट प्रश्न विचारणार कोण? मी ती तळ्याची हकिगत स्त्रियांच्या सभेत साक्ष म्हणून उभं राहून सांगितली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे एवढंच म्हणाले, "तळ्याचं आहे होय? मग ठीक." आणि आम्ही वर्तकनगरला दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. खिडकीतून तळं दिसत नव्हतं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. शांत होती बिचारी, खोटं कशाला बोलू.

सासूबाई गेल्या. मुलगा मोठा झाला, लग्न करून घोडबंदर रोडला एका उंच इमारतीत राहायला गेला. हे निवृत्त झाले, कोलशेतचा कारखाना बंद पडला आणि त्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. डबी टीव्हीशेजारच्या फळीवर आली. आणि गेल्या काही वर्षांत हे विसरायला लागले.

सुरुवातीला चष्मा, किल्ली. मग रविवार कुठला आणि बुधवार कुठला. मग भाचीच्या लग्नाला गेलो होतो की नाही. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते मी घरात कधी उच्चारलं नाही. एका दुपारी मी डोळा मिटून पडले होते, तेवढ्यात हे पँट-शर्ट घालून निघून गेले. कोलशेतच्या एका टॉवरच्या गेटवर उभे राहून वॉचमनला विचारत होते, सेकंड शिफ्टची गाडी आली का? त्या भल्या माणसाने ह्यांच्या खिशातल्या कार्डावरचा नंबर बघून मला फोन केला. मी रिक्षाने पोचले, तेव्हा हे त्याच्या खुर्चीत बसले होते आणि तो उभा होता. मला बघून हे वॉचमनला म्हणाले, "या बाई आमच्याकडे असतात."

त्या दिवसापासून मी बाई झाले. कामाला असलेली बाई. ह्यांचा माझ्यावर राग नव्हता, उलट फार अदबीने वागायचे. "बाई, चहा मिळेल का? घाई नाही." इतक्या वर्षांच्या संसारात मला इतक्या गोड आवाजात चहा कुणी मागितला नव्हता. मी हसायचे, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडायचे.

बाथरूममध्ये ह्यांना उचलताना माझी पाठ धरली, तेव्हा गोष्ट मुलाच्या कानावर गेली. तो रविवारी गाड्यांच्या रांगेत तास तास काढून यायचा आणि दारातूनच माझ्या चालण्याकडे बघायचा. त्याच आठवड्यात डोंबिवलीहून वन्संचा फोन आला.

"वहिनी, इथे एक घर आहे. आमच्याच चर्चच्या मंडळीतलं जोडपं चालवतं, दोघंही नर्सिंगमधले. मोजकीच म्हातारी माणसं आहेत, मागे अंगण आहे. मी आत जाऊन बघून आले."

"आमटी चाखलीत का?"

"चाखली. मीठ बरोबर आहे." मग म्हणाल्या, "दादाला मी रोज भेटेन. दोन गल्ल्या सोडून तर आहे. तुम्ही पडलात तर त्याला कोण बघणार?"

मला फक्त डोंबिवली ऐकू आलं. इतकी वर्षं लांब ठेवलेली डोंबिवली आता माझा नवरा मागत होती.

मी डबी काढली. पाठ दुखत होती म्हणून बसून काढली, एवढाच काय तो फरक. काही चिठ्ठ्या परत खोचल्या आणि मग हवी ती मिळाली. प्रभूच्या घरात सर्वकाळ राहण्याबद्दलचं वचन होतं. प्रभूचं घर म्हणजे वर्तकनगरमधला, दुसऱ्या मजल्यावरचा, बाथरूमच्या भिंतीला ओल आलेला आमचा फ्लॅट, असा अर्थ मी लावला. त्या फोटोतली बाई म्हातारी झाली होती, शहाणी झाली नव्हती.

रविवारी मुलगा आणि सून आले. मुलगा म्हणाला, "आई, एकदा फक्त बघून येऊ. नाही आवडलं तर विषय बंद."

"विषय बंदच आहे. प्रभूने मला सांगितलंय. हे इथेच राहतील, माझ्याजवळ."

तो माझ्या हाताखाली वाढला आहे. त्या वाक्यानंतर दाराला कडी लागते, हे त्याला लहानपणापासून माहीत. त्याने बापाच्या केसांवरून हात फिरवला आणि गाडी काढतो म्हणून खाली गेला.

सून मागे राहिली, चहाचे कप विसळायला. ती पाळकाच्या घरातली मुलगी. प्रभूने मला अमुक सांगितलं, असं म्हणत तिच्या वडिलांच्या दारात किती माणसं येऊन गेली असतील, कोण जाणे. तिला त्या वाक्याची भीती वाटत नाही.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"प्रभू तुमच्या एकटीशीच बोलतो का?"

मी ओट्यावरच्या फडक्याची घडी घातली.

"म्हणजे आम्हीपण त्याचीच लेकरं ना? आत्याबाईपण. तुमच्या लेकाला रात्र रात्र झोप नसते, ते काय नुसतं ॲसिडिटीने? आणि बाबा. बाबांनाही काही सांगत असेल की तो."

"त्यांना काय कळतंय आता?"

"बाबांना नसेल कळत. पण बोलणाऱ्याला तर कळतं ना, कुणाशी कसं बोलायचं ते." तिने हात पुसले. "कप उपडे घातलेत हं. येते."

मी इतकी संतापले की पाठीचं दुखणं विसरले. उद्धट सुनेबद्दल शास्त्र काय म्हणतं ते बघू, म्हणून डबी घेतली. एक चिठ्ठी, दुसरी, तिसरी, काही मिळेना. शेवटी सगळी डबी पलंगावर उपडी केली आणि एकेक करून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. इतक्या वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं.

सगळी गोड वचनं. मी तुला सोडणार नाही, मी तुला बळ देईन, तुझा दिवा विझणार नाही, अशा अर्थाची. खरी होती, माझी कुठल्याच वचनाबद्दल तक्रार नाही. पण जे शास्त्र मी रोज वाचते, त्याच्या पानोपानी देव माणसांना अडवतो, वाटेतून मागे फिरवतो, राजांनासुद्धा तोंडावर सांगतो की तू चुकलास. यातलं एक अक्षर त्या डबीत नव्हतं. डबी करणाऱ्याने भातातले नुसते बेदाणे वेचून घेतले होते. त्याचं चुकलं असं नाही. सकाळी चहाआधी माणसाला धीर द्यायला ती केली होती. पण मी जन्मभर ज्या डबीतून देवाला बोलायला लावलं, तिच्यात त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती.

मग भीती वाटली. मला आयुष्यात कधी देवाचा आवाज आला होता का, की इतकी वर्षं मी माझाच आवाज ऐकत होते आणि त्याला आमेन म्हणत होते? सत्तरी ओलांडलेल्या बाईने हा प्रश्न स्वतःला विचारणं सोपं नसतं. चिठ्ठ्या भरून ठेवल्या आणि डबी फळीवर न ठेवता कपाटात, साड्यांच्या मागे ठेवून दिली.

संध्याकाळी दिवे लावले. ह्यांना खुर्चीत बसवलं, समोर मेथीची जुडी घेतली. शास्त्रवाचन केलं. मग आम्ही दोघांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. जेवलो की नाही हे ह्यांना आठवत नाही, पण ती प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ह्यांच्या तोंडात आहे. आमेन झालं. मी उठले नाही. माझी मागणी आज मांडली नव्हती, कारण मांडली असती तर उत्तरही मीच दिलं असतं. मेथी निवडत बसले. हेही समोरून एकेक काडी उचलून निवडायला लागले. पानं टाकून देत होते आणि देठ टोपलीत ठेवत होते. मी ठेवू दिले.

मग ह्यांनी हात थांबवले, डोळे मिटले आणि पुन्हा प्रार्थना सुरू केली. पूर्वी चर्चमध्ये करायचे तशी, सावकाश.

"हे स्वर्गीय बापा, या बाई इथे आहेत. माझ्यासाठी फार करतात. त्यांची पाठ दुखते, मी बघतो. त्यांना मी सांगितलं तर त्या ऐकत नाहीत. तू सांग. त्यांना त्यांच्या घरी जाऊ दे, बापा. त्यांची माणसं वाट बघत असतील. माझं काय, मी तुझ्याजवळच आहे. आमेन."

आणि देठ निवडायला लागले.

कुठला आवाज झाला नाही, उजेड पडला नाही. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. पण ओट्यावरचं दूध पुसत असताना सासूबाई जे बोलल्या होत्या ते मला त्या क्षणी समजलं. मला जे ऐकायचं होतं, त्यातलं हे काहीच नव्हतं.

पण ही माझी हकिगत आहे, तेव्हा लगेच शहाणपण आलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी मनात आलं, ही ह्यांची प्रार्थना होती की माझ्या दुखऱ्या पाठीला सापडलेली पळवाट? दमलेल्या माणसाला देवाचा आवाज नेहमीच आरामाकडे बोलावताना ऐकू येणार. डबी काढायला हात शिवशिवत होते. काढली नाही. रोज संध्याकाळी आमेननंतर बसले. कधी मेथी, कधी गवार, कधी नुसतीच. काही वेगळं आलं नाही. तेच शब्द राहिले, आणि दिवस गेले तसे ते टोचेनासे झाले. घाई करत नव्हते ते. माझे आवाज नेहमी घाईत असत, एवढं आता ओळखता यायला लागलं.

मग मी मुलाला फोन केला. जन्मात पहिल्यांदा असं बोलले, "मला असं वाटतंय, पण माझं चुकतही असेल. तुम्हाला दोघांना काय वाटतं?"

मग त्याचा आवाज, "आई, तू बरी आहेस ना?"

आम्ही डोंबिवलीला जाऊन आलो. वन्सं फाटकाशी उभ्या होत्या, काठी टेकून. त्या इतक्या म्हाताऱ्या झाल्यात हे मी बघितलंच नव्हतं. घर साधं होतं. अंगणात आवळ्याचं झाड, त्याखाली दोन म्हातारे शेंगा सोलत होते. हे न सांगता त्यांच्यात जाऊन बसले आणि सालं टोपलीत टाकायला लागले. शेजारचा म्हातारा म्हणाला, "अहो, दाणे इकडे." हे म्हणाले, "हो का? बरं." वन्संनी माझा हात धरला. त्या हातात मिठाची बरणी नव्हती.

ज्या दिवशी ह्यांना पोचवलं, त्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही. सून म्हणाली होती, बाबांशी खोटं बोलायचं नाही, शिफ्टला चाललोय वगैरे काही नाही. म्हणून मी खरं सांगितलं, की तुम्ही आता इथे राहणार, मी येत जाईन. हे म्हणाले, "तुम्हाला लांब पडेल." निघताना मी मागे वळून बघितलं, एवढं सांगते. गाडीत सुनेने मागच्या सीटवर माझ्या पाठीमागे उशी सारली.

आपण बरोबर केलं का, हे मला अजून माहीत नाही. काही दिवशी ह्यांचा चेहरा हसरा असतो. काही दिवशी हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात आणि मी आले-गेलेली कळत नाही. त्या दिवशी परत येताना वाटतं, आता एखादी खूण मिळावी, एक चिठ्ठी तरी. पूर्वीची मी असते तर रिक्षात बसल्या बसल्या खूण शोधून काढली असती, पुढच्या गाडीवर लिहिलेल्या नावातसुद्धा. आता मागत नाही. जे ऐकू आलं त्यावर पाऊल टाकलंय, पुढचं त्याच्याकडे. भरवसा म्हणजे इतका जड असतो, हे मला डबीने कधी सांगितलं नव्हतं.

मी आता मुलाकडे घोडबंदर रोडला राहते. त्यांच्या बाल्कनीतून खाली गाड्यांची रांग दिसते आणि पलीकडे, लांबवर, खाडीचं पाणी. सकाळी अगदी शांत असतं. मी त्याचा काही अर्थ लावत नाही. सून मला चहा देते आणि मिस्कील चेहऱ्याने विचारते, "मग आई, आज प्रभू काय म्हणाला?" मी म्हणते, "म्हणाला, सुनेच्या चहात साखर कमी आहे." ती म्हणते, "हा तुमचा आवाज झाला."

परवा डोंबिवलीला गेले तेव्हा हे आवळ्याखाली बसले होते. वन्सं शेजारी, त्यांच्या मांडीवर मेथी. मला बघून हे उठून उभे राहिले, पूर्वी पाहुण्यांसाठी उठायचे तसे.

"बाई, तुम्ही? गेला नाहीत घरी?"

"गेले होते," मी म्हटलं. "तिथूनच आले."

"माणसं भेटली तुमची?"

"भेटली."

ह्यांचा चेहरा उजळला. "मी त्याच्याकडे मागितलं होतं तुमच्यासाठी."

"ऐकलं त्याने," मी म्हटलं आणि शेजारी बसून ह्यांनी टाकून दिलेली पानं वेचायला लागले.